मध्यस्थ एकच, वाटा निराळ्या : वऱ्हाडातील ख्रिस्ती पंथांचा एक जुना मतभेद

देव आणि माणूस यांच्यामध्ये कोणी उभे राहावे काय, आणि राहायचे तर कोणी, हा प्रश्न ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात जितका जुना तितकाच पेचाचा आहे. येशू ख्रिस्त हाच देव व मानव यांतील एकमेव मध्यस्थ, हे कॅथॉलिक आणि प्रोटेस्टंट या दोन्ही परंपरांना मान्य आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील पाचवे वचन दोन्ही बाजू सारख्याच आदराने पुढे करतात. वाद सुरू होतो तो त्याच्या पुढे. येशूची माता मरिया हिला व संतांना आपल्यासाठी प्रार्थना करण्याची विनवणी करावी का? धर्मगुरूपुढे पापनिवेदन केल्याखेरीज क्षमेचा संस्कार पूर्ण होतो का? मेलेल्यांसाठी जिवंतांनी केलेल्या प्रार्थनेने काही साधते का? महाराष्ट्रात ख्रिस्ती समाजाचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे आणि वऱ्हाडात तो विरळच आहे. तरीही अमरावती व अकोला या शहरांत या प्रश्नांची परस्परविरोधी उत्तरे देणारी उपासनास्थळे शतकाहून अधिक काळ शेजारधर्म पाळत आली आहेत.

'मध्यस्थ' हा शब्द मराठी बायबलने घेतला खरा, परंतु या भागात तो निखळ धार्मिक राहणे कठीणच होते. कापसाच्या बाजारपेठेवर वाढलेल्या अकोला-अमरावतीत मध्यस्थ म्हटला की अडत्या वा दलाल डोळ्यांपुढे येतो. त्याच्यावाचून माल विकला जात नाही आणि त्याच्यामुळे पूर्ण भावही पदरात पडत नाही. दुसरा शब्द 'वशिला'. आज तो कचेरीतील ओळखीपाळखीसाठी वापरला जातो. मुळात तो अरबी 'वसीला'. ईश्वराजवळ पोहोचण्याचे साधन असा त्याचा धार्मिक अर्थ असून, त्यावरून मुस्लिम पंथोपपंथांतही असाच वाद झाला आहे. देवाच्या दरबारात वशिला चालतो की नाही, या साध्या मराठी वाक्यात ख्रिस्ती पंडितांच्या अनेक ग्रंथांचे सार येते असे म्हटल्यास फारसे वावगे ठरू नये.

वऱ्हाड प्रांत १८५३मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. पुढे लोहमार्ग झाला, कापसाचा व्यापार वाढला आणि त्या मार्गाने मिशनरीही आले. कॅथॉलिक कार्य नागपूर-कामठीकडून पसरले. तेथे संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने चालणाऱ्या संघाचे धर्मगुरू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून काम करीत होते. नागपूरचा धर्मप्रांत १८८७चा. त्यातून १९५५ साली अमरावतीचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला आणि जोसेफ रोझारिओ हे त्याचे पहिले बिशप झाले. मराठवाड्यासाठी औरंगाबादचा धर्मप्रांत १९७७मध्ये वेगळा होईपर्यंत अमरावतीच्या बिशपांचा कारभार फार विस्तीर्ण होता.

प्रोटेस्टंटांपैकी अकोल्यात रुजली ती ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ही अमेरिकन संस्था. न्यूयॉर्कचे धर्मोपदेशक ए. बी. सिम्प्सन यांनी १८८७मध्ये तिचा पाया घातला व त्याच सुमारास तिचे वऱ्हाडातील कार्य सुरू झाले. ख्रिस्त हा तारणारा, पवित्र करणारा, आरोग्य देणारा आणि पुन्हा येणारा राजा, अशी चौपदरी शिकवण सिम्प्सन देत. चारही पदांचा कर्ता एकच आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या मंडळीत संतांना व याजकांना जागा का उरली नाही ते कळते. यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट आणि बुलढाणा-वाशीमकडे नाझरीन मंडळी यांनी कार्य केले. यवतमाळला १९५३मध्ये स्थापन झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३मध्ये पुण्यास हलविण्यात आली. तोवर प्रोटेस्टंट पाळकांच्या शिक्षणाचे एक महत्त्वाचे केंद्र वऱ्हाडातच होते.

आता मुख्य मतभेदाकडे. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर यांनी प्रत्येक बाप्तिस्मा घेतलेली व्यक्ती याजकच आहे, असे प्रतिपादन केले. १५३०च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबाने संतांचे स्मरण व अनुकरण मान्य केले, पण त्यांचा धावा अमान्य केला. कॅथॉलिक चर्चने ट्रेंटच्या परिषदेच्या अखेरच्या सत्रात, डिसेंबर १५६३मध्ये, संतांच्या मध्यस्थीची विनवणी करणे चांगले व उपयुक्त असल्याचे जाहीर केले. 'अनिवार्य' हा शब्द मात्र परिषदेने वापरला नाही. ही बारीक गोष्ट वादाच्या भरात दोन्हीकडचे लोक विसरतात.

कॅथॉलिकांचा युक्तिवाद असा की, आजारी पडल्यावर आपण शेजाऱ्याला 'माझ्यासाठी प्रार्थना करा' असे म्हणतो, त्याने ख्रिस्ताचे मध्यस्थपद उणे होत नाही. मग ख्रिस्तात मरण पावलेले लोक देवाजवळ जिवंत असतील तर त्यांना तसे म्हणण्यात गैर काय? तीमथ्याच्या पत्रातील वादग्रस्त वचनाच्या आधी, त्याच अध्यायाच्या आरंभी, सर्वांसाठी विनंत्या करण्याचा उपदेश आहे, याकडेही ते लक्ष वेधतात. प्रोटेस्टंटांचे उत्तर असे की, तो उपदेश जिवंतांना आहे. परलोकवासी व्यक्तीला हाक मारण्याची आज्ञा वा उदाहरण शास्त्रात नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राप्रमाणे ख्रिस्त हाच सर्वकाळचा प्रमुख याजक असून तो स्वतः विनंती करण्यास सदैव जिवंत आहे. ज्याच्यापाशी थेट जाता येते त्याच्यासाठी वाटाड्या कशाला, हा त्यांचा सवाल आहे.

याकोबाच्या पत्रातील पाचव्या अध्यायाचे उदाहरण विशेष बोलके आहे. रुग्णाने मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावे व त्यांनी तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी, असा तेथे आदेश आहे. मूळ ग्रीक शब्द 'प्रेस्बुतेरोस'. कॅथॉलिक परंपरेने त्याचा अर्थ धर्मगुरू असा घेतला. त्यामुळे रुग्णाभ्यंगाचा संस्कार केवळ धर्मगुरूच देऊ शकतो. अलायन्सच्या मंडळीत मात्र 'वडील' म्हणजे मंडळीने निवडलेले वयस्क विश्वासू गृहस्थ. त्यांत शिक्षक असेल, रेल्वेतला निवृत्त कारकून असेल. एकाच वचनाच्या आधारे एका खाटेपाशी पुरोहितपदाचा अधिकार येतो, दुसरीपाशी शेजारची चार माणसे.

या वादाचे सर्वांत तेजस्वी मराठी प्रकरण वऱ्हाडाबाहेर घडले, पण त्याचा धागा अकोल्यापर्यंत येतो. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे, अँग्लिकन भगिनींच्या मठात वास्तव्य असताना, कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या मनावर परिणाम करणाऱ्यांत फादर नीळकंठ तथा नेहेम्या गोरे हे प्रमुख होते. गोरे स्वतः काशीत वाढलेले कोकणस्थ ब्राह्मण आणि षड्दर्शनांचे अभ्यासक. १८४८मध्ये ख्रिस्ती झालेल्या गोऱ्यांना उत्तरायुष्यात चर्चची अखंड परंपरा, संस्कार आणि धर्मगुरूचा अधिकार यांतच विसावा सापडला. रमाबाईंचे नेमके उलट झाले. बाप्तिस्म्यानंतर दोन वर्षांच्या आतच सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅम महाविद्यालयाच्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा प्रदीर्घ पत्रव्यवहार सुरू झाला. ख्रिस्ताचे देवत्व, त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चची आज्ञा या साऱ्यांवर त्यांनी प्रश्न उभे केले. भारतातील पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविल्यावर तसलेच दुसरे जोखड आपण का घ्यावे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. भेट मिळालेल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. ती संस्कृत का नसावीत, हेही त्यांनी विचारले. सिस्टर जेराल्डीन यांना यात अहंकार दिसला. आज ती पत्रे वाचताना दिसतो तो प्रामाणिक संशय. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली हा पत्रव्यवहार प्रसिद्ध केला आहे.

त्रैक्यासंबंधीच्या रमाबाईंच्या शंका पुढे मावळल्या. १९०७च्या आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी लिहिले त्याचा आशय असा की, आधी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नंतर भेटला. पण मध्ये चर्च वा पुरोहित नको, ही भूमिका त्यांनी सोडली नाही. केडगावचे मुक्ती मिशन कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत त्यांनी बसविले नाही आणि सामान्य बाईला आधाराविना वाचता यावे म्हणून मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२मध्ये त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, ते प्रसिद्ध झाले. वऱ्हाडातील अलायन्सच्या कार्यकर्त्यांना या भूमिकेत आपलेपणा वाटला यात नवल नाही. अकोल्यास बरीच वर्षे काम केलेल्या जेनी फुलर यांच्या 'राँग्ज ऑफ इंडियन वुमनहुड' या १९००च्या इंग्रजी पुस्तकाला प्रस्तावना रमाबाईंचीच आहे. गोरे आणि रमाबाई या दोघांनीही एकाच ब्राह्मणी परंपरेतून बाहेर पाऊल टाकले. एकाला जुन्या कर्मकांडाजागी खरे संस्कार हवे होते, दुसरीला पुरोहितच नको होता. हा फरक इंग्लंडमधून आयात झालेला नव्हता, असे म्हणावेसे वाटते.

वऱ्हाडच्या मातीलाही हा प्रश्न परका नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे मोठे स्थान. देवता फळ देतील, पण मोक्ष केवळ परमेश्वरच देतो, असा कडक भेद त्या पंथाने तेराव्या शतकातच केला. विसाव्या शतकात याच जिल्ह्यातील गाडगेबाबांनी नवस आणि देवापुढची मध्यस्थी यांची कीर्तनांतून टर उडविली. दुसरीकडे शेगावच्या गजानन महाराजांच्या समाधीपुढे व अनेक दर्ग्यांपुढे सर्व जातिधर्मांची माणसे आपले गाऱ्हाणे घेऊन जातात. संतांच्या मध्यस्थीची कॅथॉलिक कल्पना वऱ्हाडी माणसाला चटकन समजते ती यामुळे; आणि अलायन्सच्या प्रचारकांना ती चटकन खटकली तीही यामुळेच.

तात्त्विक वाद प्रार्थनामंदिरात मिटत नाही, पण तेथे तो बोचतही नाही. बोचतो तो घरात. समाज लहान असल्याने आंतरपंथीय विवाह होतातच. कॅथॉलिक वराला प्रोटेस्टंट वधूशी विवाह करण्यासाठी बिशपांची परवानगी लागते. १९१७च्या धर्मसंहितेनुसार मुले कॅथॉलिक म्हणून वाढविण्याची हमी दोघांनाही द्यावी लागे. आता १९८३च्या संहितेप्रमाणे केवळ कॅथॉलिक जोडीदार आपल्या शक्तीनुसार तसा प्रयत्न करण्याचे वचन देतो व दुसऱ्याला त्याची जाणीव करून दिली जाते. खरी अडचण पाळण्यापाशी येते. कॅथॉलिक घरात तान्ह्या बाळाचा स्नानसंस्कार होतो. अलायन्सच्या घरात बाळाचे केवळ समर्पण होते आणि बाप्तिस्मा जाणत्या वयात, पाण्यात बुडवून. त्रैक्याच्या नावाने पाण्याने दिलेला प्रोटेस्टंट बाप्तिस्मा कॅथॉलिक चर्च ग्राह्य धरते. बालपणी मिळालेला संस्कार मात्र दुसरी बाजू पुरेसा मानत नाही. मोठेपणी मुलाने पुन्हा बाप्तिस्मा घेतला की कॅथॉलिक आजीला आपले सारे देणे नाकारल्यासारखे वाटते.

मृत्यूच्या वेळीही तेच. कॅथॉलिक कुटुंब मृताच्या आत्म्यासाठी मिस्सा अर्पण करविते व २ नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्त्या लावते. या प्रथेला ज्याचा आधार दिला जातो तो मक्काबींचा दुसरा ग्रंथ कॅथॉलिकांच्या ७३ पुस्तकांच्या बायबलमध्ये आहे, प्रोटेस्टंटांच्या ६६ पुस्तकांत नाही. प्रोटेस्टंट स्मरणसभेत प्रार्थना होते ती मागे राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी. गेलेल्याचा निवाडा झालेला आहे अशी श्रद्धा असते. एका आईसाठी दोन भावांनी दोन वेगळ्या प्रकारे रडावे लागते, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचे रडणे अपुरे वा अनावश्यक वाटते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४च्या चर्चविषयक दस्तऐवजात मरियेची भूमिका ख्रिस्ताच्या एकमेव मध्यस्थीवर संपूर्णपणे अवलंबून असल्याचे स्पष्ट केले. नोव्हेंबर २०२५मध्ये व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्त विभागाने आणखी पुढे जाऊन, मरियेला 'सहउद्धारक' म्हणणे अनुचित असल्याचे आणि 'सर्व कृपांची मध्यस्था' या बिरुदाबाबत सावधगिरी हवी असल्याचे जाहीर केले. त्याने प्रोटेस्टंटांची हरकत संपली नाही, कारण विनवणीची प्रथा कायम आहे.

उलट बाजूस, गेल्या काही दशकांत शहरोशहरी वाढलेल्या स्वतंत्र मंडळ्यांत आरोग्यासाठी प्रार्थना करणाऱ्या एखाद्या प्रभावी उपदेशकाभोवती गर्दी जमते. त्यानेच डोक्यावर हात ठेवावा, त्यानेच तेल मंतरून द्यावे, असा आग्रह धरला जातो. संतांचा वशिला नाकारणाऱ्या जुन्या मंडळ्यांतील पाळकांना याचे उत्तर देणे कॅथॉलिकांना उत्तर देण्यापेक्षा अवघड जाते. ट्रेंटशी कसे भांडायचे हे त्यांना ठाऊक आहे. आपल्याच ओसरीवर येऊन बसलेल्या नव्या मध्यस्थाशी कसे बोलायचे, हे सेमिनरीत फारसे शिकविले जात नाही.