कारखान्यातील सुरक्षा : दाखला आणि दोरी

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायूची गळती झाली आणि हजारो नागरिक मृत्युमुखी पडले. वायूची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती; निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोराही त्या रात्री वापरात नव्हता. १९८२ साली कंपनीच्याच अमेरिकेतील तज्ज्ञांनी केलेल्या पाहणीत अनेक उणिवा नोंदविल्या गेल्या होत्या. म्हणजे धोका कागदावर आला होता, यंत्रेही बसविलेली होती. ती चालत नसताना काम थांबविण्याची जबाबदारी कोणाची, हे मात्र स्पष्ट नव्हते.

कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये १९८७ साली झालेल्या दुरुस्तीने या प्रश्नाला हात घातला. कारखाना कंपनीचा असेल तर तिच्या संचालकांपैकीच एकाला ‘भोगवटादार’ मानण्यात आले; त्यामुळे व्यवस्थापकाकडे बोट दाखवून वरच्यांना सुटता येईना. धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना व आसपासच्या जनतेला देणे बंधनकारक झाले. जीवितास तातडीचा धोका वाटल्यास तो निदर्शनास आणण्याचा हक्क कामगारांना मिळाला आणि सुरक्षा समितीत व्यवस्थापन व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असावेत, असे ठरले.

नियम आणि व्यवहार यांतील अंतर सर्वाधिक दिसते ते बंदिस्त जागेतील कामात. टाकी, खोल खड्डा वा भूमिगत गटार यांत विषारी वायू साचलेला असतो किंवा प्राणवायू अपुरा असतो. डोळ्यांना यातले काहीच दिसत नाही. म्हणून १९४८ च्या अधिनियमाच्या कलम ३६ ने दंडक घातला की, वायू काढून टाकण्याचे सर्व शक्य उपाय आधी योजावेत. त्यानंतरही सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी घेऊन लेखी दाखला दिल्याशिवाय, अथवा उतरणाऱ्याने श्वसनसाधन व पट्टा लावून पट्ट्याच्या दोरीचे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती दिल्याशिवाय, कोणीही आत जाऊ नये. यातला ‘स्वतः’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दाखला कार्यालयात बसून भरला गेला आणि वायुमापक कपाटातच राहिला, तर तपासणीच्या वेळी फाइल पूर्ण दिसते, इतकेच. अशा अपघातांत बळींची संख्या वाढते तीही बहुधा एकाच रीतीने : पहिला कामगार आत कोसळतो आणि त्याला वाचवायला सहकारी तसाच खाली उतरतो. उतरणारे मजूर पुष्कळदा कंत्राटदाराचे असतात. त्यांना टाकीत पूर्वी काय साठविले होते, हेही ठाऊक नसते.

जुना अधिनियम आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये विलीन झाला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. पूर्वी १००० कामगारांमागे सुरक्षा अधिकारी सक्तीचा होता. आता ५०० कामगारांच्या कारखान्यात, तर धोकादायक प्रक्रिया असल्यास २५० कामगारांच्या कारखान्यातही तो नेमावा लागतो. याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागेल. मूळ अधिनियमात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० कामगार असले की ‘कारखाना’ ठरे. संहितेत २० लागतात. निरीक्षकाचे पदनामही ‘निरीक्षक-सह-सुविधाकर्ता’ असे झाले आहे. सल्ला देणारा आणि कारवाई करणारा एकच असावा काय, हा वाद त्यामुळे मिटलेला नाही.

महाराष्ट्रात कारखान्यांतील सुरक्षेची अंमलबजावणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ व मे २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांत झालेल्या स्फोटांनी लगतच्या निवासी भागालाही हादरे दिले. कर्तव्यात कसूर झाल्याने कामगाराचा मृत्यू ओढवल्यास नव्या संहितेत दोन वर्षांपर्यंत कैद, किमान पाच लाख रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. दंडाची किमान निम्मी रक्कम मृताच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.