मळवलीची स्नेहयात्रा आणि हरवलेल्या तबकड्या : मुंबईच्या सायकेडेलिक रॉकचा इतिहास

१/
ठाणे, कल्याण मागे टाकून पुण्याकडे निघालेली गाडी बोरघाट चढते. लोणावळ्यापुढचे स्थानक मळवली. कार्ले-भाजे लेण्यांमुळे हे नाव सर्वांना परिचित आहे. मात्र १९७१ साली याच मळवलीत ‘स्नेहयात्रा’ नावाचा रॉक संगीताचा मेळावा भरला होता, हे त्या मार्गाने नित्य प्रवास करणाऱ्यांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते.

२/
ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकेत वुडस्टॉक महोत्सव झाला. त्याचे पडसाद दोन वर्षांत सह्याद्रीच्या माथ्यावर उमटले. हे आकस्मिक नव्हते. मुंबईत त्या वेळी रॉक वाजवणाऱ्या तरुणांची एक पिढीच उभी राहिली होती, आणि तिच्या संगीतावर ‘सायकेडेलिक’ रंग चढलेला होता.

३/
हा शब्द हम्फ्री ऑझमंड या मानसोपचारतज्ज्ञाने १९५० च्या दशकात घडवला. ग्रीक मुळांनुसार त्याचा अर्थ ‘मनाला प्रकट करणारे’. आरंभी तो एलएसडीसारख्या द्रव्यांसाठी होता, पुढे संगीताला लागला. मुद्दाम फाटलेला गिटारचा आवाज, प्रतिध्वनी, उलटी फिरवलेली ध्वनिफीत आणि अखंड चालणारा एकच स्वर, ही त्याची लक्षणे.

४/
हा अखंड स्वर भारतीय कानाला नवा नव्हता. तो तर तंबोऱ्याचाच! बीटल्सच्या १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’ या तबकडीत तंबोराही आहे आणि तबलाही. ‘लव्ह यू टू’ या गाण्यात तबला वाजवणाऱ्या अनिल भागवत यांचे नाव तिच्या वेष्टनावर छापलेले आहे. बीटल्सच्या वेष्टनावर बाहेरच्या वादकाचे नाव येणे ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती.

५/
जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन स्वतः मुंबईत आला. फोर्टमधील एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचे संगीत ध्वनिमुद्रित केले. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, आशिष खाँ यांसारखे वादक त्यात होते. ‘द इनर लाइट’ या गाण्याचे वाद्यसंगीतही याच मुक्कामात मुद्रित झाले.

६/
मुंबई परिसरातल्या तरुणांपर्यंत मात्र हे संगीत सरळ पोचत नव्हते. रेडिओ सिलोन, परदेशाहून येणारे नातेवाईक, काळा घोड्याजवळचे ऱ्हिदम हाउस, चोरबाजारातल्या जुन्या तबकड्या, अशा वाटांनी ते येई. आयातीवर निर्बंध होते. परदेशी गिटार आणि अॅम्प्लिफायर बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होते. म्हणून ऐकून ऐकून चाली बसवायच्या आणि मिळेल त्या साधनावर तो आवाज काढायचा, हाच रिवाज पडला.

७/
या तरुणांना मंच मिळाला तो सिगारेटच्या जाहिरातीमुळे. इम्पीरियल टोबॅको कंपनीने, म्हणजे आजच्या आयटीसीने, ‘सिमला’ या आपल्या सिगारेटच्या नावाने अखिल भारतीय ‘सिमला बीट’ स्पर्धा भरवली. मुंबई, मद्रास, बंगळूर, कलकत्ता, शिलाँग अशा दूरदूरच्या शहरांतील बँड तीत उतरले.

८/
१९७० आणि १९७१ च्या स्पर्धांतील निवडक बँडच्या गाण्यांची प्रत्येकी एक तबकडी निघाली. काही गाणी पाश्चात्त्य बँडची, काही स्वतः रचलेली. ध्वनिमुद्रण साधे, पण गिटारचा फाटलेला आवाज आणि ऑर्गनचे लांबत जाणारे स्वर आजही अंगावर येतात. त्या काळच्या भारतीय रॉकचा सर्वांत ठोस पुरावा म्हणजे या दोन तबकड्या.

९/
१९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या छोट्या क्लबात त्यांनी चक्क स्थानिक वादकांच्या साथीने गाणी वाजवली. त्याच वर्षी मुंबईतील वादकांसह त्यांनी आपल्या दोन गाण्यांचे मुद्रण केले. ते अधिकृतपणे प्रकाशित व्हायला २०१५ साल उजाडावे लागले.

१०/
या इतिहासातला मराठी दुवा म्हणजे नंदू भेंडे. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा इंग्रजी रॉक गात वाढला. अलेक पदमसींच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये तो जूडास झाला. पुढे १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ जब्बार पटेलांनी रंगमंचावर आणले, तेव्हा त्यातला अंकुश नंदूनेच साकारला. मराठी नाटकात रॉक असा शिरला.

११/
तोवर मूळ लाट ओसरली होती. डिस्कोचे दिवस आले. वादक चित्रपटसंगीताकडे, नोकऱ्यांकडे किंवा परदेशी गेले. ‘अॅटॉमिक फॉरेस्ट’ या मुंबईच्या बँडची ‘ऑब्सेशन ७७’ ही तबकडी त्या काळाची जवळजवळ शेवटची खूण. तिच्याकडे तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही.

१२/
पुढची दोन-तीन दशके या तबकड्या माळ्यावर आणि रद्दीत राहिल्या. त्यांचा शोध घेतला तो परदेशी संग्राहकांनी. त्यांच्या जुन्या प्रतींना चढे भाव येऊ लागले. ‘सिमला बीट’च्या तबकड्या परदेशात पुन्हा निघाल्या. २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘नाउ-अगेन’ या कंपनीने अॅटॉमिक फॉरेस्टचे संगीत नव्याने प्रकाशित केले. २०१४ मध्ये सिद्धार्थ भाटिया यांचे ‘इंडिया सायकेडेलिक’ हे पुस्तक आले. त्याच वर्षी नंदू भेंडे गेले.

१३/
यातून एक कठोर सत्य समोर येते. जे तबकडीवर कोरले गेले तेवढेच उरले. कॉलेजांच्या सभागृहांत, क्लबांत, मळवलीच्या मोकळ्या मैदानात जे वाजले, ते बहुतांशी ऐकणाऱ्यांच्या आठवणीत राहिले, आणि ती माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत.

१४/
आज परिस्थिती उलटी आहे. डोंबिवलीतल्या दोन खोल्यांच्या घरातही लॅपटॉप आणि लहानसे ध्वनियंत्र यांवर गाणे मुद्रित होते आणि त्याच रात्री जगभर पोचते. मुंबईचा ‘दायरा’ हा बँड या धाटणीचे रॉक हिंदीत करतो. दिल्लीच्या ‘पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी’च्या ‘बिस्मिल्ला’ (२०१९) या अल्बमलाही परदेशात श्रोते लाभले.

१५/
पण गाणे सहज पोचते म्हणून ते टिकतेच असे नाही. संकेतस्थळ बंद पडते, खाते पुसले जाते, हार्ड डिस्क बिघडते. १९७१ च्या तबकडीवर धूळ बसली तरी सुई ठेवताच ती वाजली. आजच्या फायलीबद्दल पन्नास वर्षांनी तसे म्हणता येईल का, हा प्रश्न वाजवणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनीही आताच विचारायला हवा.

१६/
ज्यांना ऐकायला आरंभ करायचा आहे त्यांच्यासाठी क्रम असा : ‘वंडरवॉल म्युझिक’, मग ‘सिमला बीट’चे दोन्ही भाग, मग ‘ऑब्सेशन ७७’, आणि शेवटी आजचे बँड. ठाण्याहून लोणावळ्यापर्यंतच्या प्रवासात यातले बरेच ऐकून होते. आणि घरात कोणी त्या काळी मळवलीला गेलेले असेल, तर त्यांच्या आठवणी आजच लिहून घ्याव्यात.