शिलकी लष्करी वाहने आणि नागरी सज्जता : राजेगावच्या सीमेवरून

बालाघाट जिल्ह्यातील राजेगाव गोंदिया-बालाघाट मार्गावर वसले आहे. तेथील बाघ नदी आज मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांची सीमा आहे. १९५६च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी मात्र नदीचे दोन्ही काठ एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. उत्तरेस लष्करी वाहने तयार करणारे जबलपूर, तर दुसऱ्या बाजूस नागरी संरक्षणाचे शिक्षण देणारे नागपूर, आणि या दोहोंच्या दरम्यान पूरग्रस्त नद्यांचा हा प्रदेश. एकीकडे गाडी, दुसरीकडे ती संकटात वापरण्याची विद्या. या दोन गोष्टींची गाठ का पडली नाही, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

'लष्कर' हा फारसी शब्द मराठीने केव्हाच आपलासा केला. 'उर्दू' या शब्दाचा मूळ अर्थही छावणी असाच आहे, आणि 'लिलाव' पोर्तुगीजांकडून आला. छावणीतील माल लिलावाच्या मार्गाने बाजारात येण्याची परंपरा अशी भाषेतही मुरलेली आहे. तथापि दुसऱ्या महायुद्धानंतर जो माल भारतात उरला, त्याचे प्रमाण पूर्वी कधी कोणी पाहिले नव्हते. मे १९४६च्या करारान्वये अमेरिकेने येथील आपले शिलकी साहित्य हिंदुस्थान सरकारकडे सोपविले. कानपूर येथे मोडीत काढलेली लिबरेटर बॉम्बफेकी विमाने हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी १९४८ पासून दुरुस्त करून हवाई दलाला दिली. गोंदियाजवळील बिरसी येथे ब्रिटिशांनी १९४० साली बांधलेली धावपट्टीही एका अर्थी युद्धाची शिल्लकच होय. सार्वजनिक बांधकाम विभाग, औद्योगिक विकास महामंडळ आणि २००५च्या अखेरीपासून विमानतळ प्राधिकरण असे तिचे मालक बदलत गेले. तिला नेहमी कोणी ना कोणी मालक होता, म्हणून ती टिकली.

जीपची कथा अधिक उद्बोधक आहे. युद्धकाळात विलीज व फोर्ड या कंपन्यांनी मिळून सुमारे साडेसहा लाख जीप तयार केल्या. चारही चाकांना गती देणारी ही हलकी गाडी चिखलातून व नाल्यातून सहज निघे. युद्धकाळात कैलाशचंद्र महिंद्र हे वॉशिंग्टन येथील भारतीय पुरवठा मंडळाचे प्रमुख होते, तर अलीगढचे पदवीधर मलिक गुलाम मुहम्मद भारत सरकारच्या पुरवठा खात्यात अधिकारी होते. १९४५ साली स्थापन झालेल्या 'महिंद्र अँड मोहम्मद' या पेढीच्या नावात ही दोन्ही घराणी एकत्र आली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली पेढीच्या नावातील 'मोहम्मद' जाऊन तेथे दुसरे 'महिंद्र' आले. माझगावात विलीज जीप जोडली जाऊ लागली. आपल्या वाचनात हा तपशील क्वचितच येतो. रणांगणावरची गाडी भारतीय गावात आली, तिच्यामागे पुरवठा खात्यांत तयार झालेली ही माणसे होती.

त्याच वर्षी जुन्या जीपच्या खरेदीने नव्या राष्ट्राला पहिला मोठा संरक्षण-घोटाळाही दाखविला. लंडनमधील उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी नूतनीकरण केलेल्या गाड्यांचा करार केला. १५५ गाड्या आल्या आणि त्या निरुपयोगी ठरल्या. १९५५ साली सरकारने ते प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. गंमत अशी की, पुढे हेच मेनन संरक्षणमंत्री असताना जर्मनीच्या मान कंपनीशी करार होऊन जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत 'शक्तिमान' ट्रक तयार होऊ लागले. १९६९ साली तेथे स्वतंत्र वाहन निर्माणी उभी राहिली. निसानच्या परवान्यावरील 'जोंगा' ही जबलपूरचीच. तिचे नाव तेथील निर्माणीच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून आले. सैन्याने निकामी ठरविलेल्या या गाड्या लिलावातून सुटत आणि हौशी मंडळी त्या मोठ्या प्रेमाने जपत.

आता नागपूरकडे वळू. २९ एप्रिल १९५७ रोजी तेथे केंद्रीय आपत्कालीन मदत प्रशिक्षण संस्था सुरू झाली. तिचा मूळ हेतू विशेष लक्षात घेण्याजोगा आहे: पूर, आग यांसारख्या आपत्तींत मदतकार्य चालविणाऱ्या महसूल अधिकाऱ्यांना शिकविणे. याच सुमारास राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयही रामपूरहून नागपुरास आले. परंतु १९६२च्या चीन युद्धाने सारा रोख बदलला. खंदक, भोंगे, अंधारबंदी यांना अग्रक्रम मिळाला. १ एप्रिल १९६८ रोजी संस्थेचे नाव राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय असे झाले आणि त्याच वर्षी नागरी संरक्षण कायदा आला. कायद्याची व्याख्या शत्रूच्या हल्ल्याभोवती फिरत होती. नदीचा पूर हा शत्रू नव्हे, म्हणून तो कायद्याच्या बाहेर राहिला. आणि संरक्षणाची यंत्रणाही निवडक शहरांपुरती उभी राहिल्यामुळे खेडी तिच्या कक्षेबाहेरच राहिली. ही चूक दुरुस्त व्हावयास चार दशके लागली. दुरुस्ती कायदा २०१० साली अमलात आला, तेव्हा आपत्ती व्यवस्थापन हे नागरी संरक्षणाचे काम ठरले, म्हणजे १९५७चाच विचार परत आला. २०१८ साली हे महाविद्यालय राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या प्रबोधिनीत विलीन करण्यात आले.

ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेच्या खोऱ्यात महापूर आला. बालाघाटपासून भंडाऱ्यापर्यंत वस्त्या पाण्याखाली गेल्या आणि बचावासाठी आपत्ती दलाची पथके आणावी लागली. उंच चाकांचा लष्करी ट्रक जेथे बस अडते तेथून पुढे जातो. मात्र पूल बुडाल्यावर त्याचाही उपयोग नाही, तेथे नाव आणि ती चालविणारा माणूसच हवा. गाडी लिलावात मिळते; तो माणूस मात्र गावातच तयार करावा लागतो.

७ मे २०२५ रोजी देशातील २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत सराव झाला, त्यात जबलपूर होते, बालाघाट नव्हते. शिलकी गाड्यांची वाटही आता अरुंद झाली आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील शासकीय वाहनांची नोंदणी संपुष्टात येते व ती भंगार केंद्राकडे जातात. सूट आहे ती संरक्षण व अंतर्गत सुरक्षेच्या विशेष वाहनांना. त्यामुळे जुनी सरकारी गाडी घेऊन पुराच्या दिवसांसाठी तयार ठेवावी, असे एखाद्या ग्रामपंचायतीने ठरविलेच, तर तो मार्ग तिला पूर्वीसारखा सोपा राहिलेला नाही. नदीपलीकडे गोंदिया जिल्हा, अलीकडे बालाघाट. दोन राज्यांची दोन आपत्ती प्राधिकरणे, आणि पाणी मात्र दोन्ही काठांना एकाच वेळी चढते.