बाहुबलींच्या पायाशी मराठी

पाठशाळेच्या मुलींना घेऊन श्रवणबेळगोळला गेले होते. सकाळी विंध्यगिरी, दुपारी चंद्रगिरी, असा एका दिवसाचा बेत. अनवाणी पायऱ्या चढून गोमटेश्वरांच्या ५७ फुटी मूर्तीपुढे आम्ही हात जोडले.

मग मुलींना मूर्तीच्या पायाशी कोरलेली मराठी दाखवली. ‘श्रीचावुंडराजें करवियलें’, म्हणजे ही मूर्ती चावुंडरायांनी करवली. हेच तिथे कन्नड आणि तमिळमध्येही आहे. शाळेत शिकले होते तसं मी सांगून टाकलं, “लेख इ. स. ९८३ चा.” पुढच्या ओळीत गंगराजांनी मूर्तीभोवतीचं सुत्तालय, म्हणजे ओवऱ्या, करवल्याचं लिहिलंय.

“मावशी, गंगराज कोण?”

“होयसळ राजा विष्णुवर्धनाचे सेनापती. बाराव्या शतकातले.”

“मग त्यांची ओळ ९८३ ची कशी?”

मी गप्पच झाले. मूर्ती दहाव्या शतकातलीच. पण निदान ही ओळ तरी गंगराजांच्या आधीची असूच शकत नाही. इतकी वर्षं मी ते वाचत होते, पण विचार त्या मुलीने केला.

तारीख पुढे सरकल्याने आपली श्रद्धा उणी होत नाही. सम्यक ज्ञान म्हणतो ना आपण? घरी आल्यावर पाठशाळेच्या वहीतली चूक मी त्याच मुलीकडून दुरुस्त करून घेतली.