पैशाला चिकटलेले छोटे शब्द
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

इंग्रजी शिकताना आपल्याला मोठ्या शब्दांपेक्षा त्यांच्यामधले बारीक शब्द जास्त छळतात. 'टॅक्स' म्हणजे कर, हे एकदा ऐकलं की लक्षात राहतं. पण टॅक्स 'ऑन' इन्कम, चेक 'फॉर' पाचशे रुपये, अकाउंट 'विथ' अ बँक, यातला कोणता शब्द कुठे का येतो, हे विचारलं की उत्तर मिळतं, 'पाठ करा.' मीही तसंच पाठ केलं. कधी आपली आणि त्यांची वाट एकच असते. मिळकतीवर कर, मुद्दलावर व्याज; इथे आपला 'वर' आणि त्यांचा 'ऑन' अगदी जुळे भाऊ. कधी मात्र वाटा फुटतात. आपलं कर्ज डोक्यावर बसतं, तर इंग्रज 'इन डेट' म्हणजे कर्जात उतरतो.

पुढे इतिहास वाचताना मला या बारीक शब्दांची एक वेगळीच बाजू दिसली. पैशाच्या व्यवहारात ते नुसते व्याकरणाचे नसतात. कोणाला, कधी, कुठे आणि कोणाच्या भरवशावर, हे तेच ठरवतात. त्यांच्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत आणि लोकांची पुंजी राहिली किंवा गेली आहे.

सुरुवात लंडनपासून करू. 1694 मध्ये बँक ऑफ इंग्लंड निघाली ती फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी. राजा तिसरा विल्यम याच्या सरकारला तिने बारा लाख पौंड आठ टक्के व्याजाने कर्जाऊ दिले. ठेवीच्या बदल्यात बँक जे कागद देई, त्यांवर कारकून हाताने मजकूर लिही. त्याचा अर्थ असा : अमुक गृहस्थांना 'किंवा धारकाला', मागताक्षणी, अमुक रक्कम देण्याचं मी वचन देतो. 'टू' अमुक 'ऑर बेअरर', 'ऑन डिमांड'. आज नोट म्हणतो ती या कागदाची वंशज.

यातल्या 'किंवा धारकाला' या शब्दांची किंमत 1756 मध्ये कळली. विल्यम फिनी नावाच्या माणसाने साडेएकवीस पौंडांची अशी एक नोट टपालाने पाठवली. 11 डिसेंबरच्या रात्री टपालगाडी लुटली गेली. दुसऱ्याच दिवशी ती नोट मिलर नावाच्या एका खाणावळवाल्याच्या हाती आली. त्याने ती नेहमीच्या धंद्याच्या ओघात, पूर्ण मोबदला देऊन घेतली होती. चोरीची त्याला गंधवार्ताही नव्हती. इकडे फिनीने बँकेला पैसे न देण्याची सूचना दिली. मिलर नोट घेऊन बँकेत गेला, तेव्हा रेस नावाच्या कारकुनाने पैसेही दिले नाहीत आणि नोटही परत केली नाही. मिलर कोर्टात गेला.

प्रश्न साधा होता. चोरीची भांडी किंवा चोरीचा घोडा मूळ मालकाला परत मिळतो, मग नोट का नाही? 1758 मध्ये न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी मिलरच्या बाजूने निकाल दिला. त्यांचं म्हणणं असं की नोट ही वस्तू नव्हे, ती पैसा आहे. लोक ती पैशासारखी घेतात-देतात. प्रत्येकाला तिचा मागचा इतिहास तपासावा लागला, तर व्यापारच थांबेल. म्हणून प्रामाणिकपणे, मोबदला देऊन जो घेतो, त्याची ती होते. बिचाऱ्या फिनीचं नाव नोटेवर होतं. पण 'किंवा धारकाला' या शब्दांनी ते नाव निरुपयोगी केलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला नोटा पूर्णपणे छापील झाल्या, तेव्हा नाव लिहिणंच बंद पडलं. उरला तो फक्त धारक.

दुसरा शब्द 'ऑन डिमांड', म्हणजे मागताक्षणी. फेब्रुवारी 1797 मध्ये फ्रेंच सैन्याची एक तुकडी वेल्सच्या किनाऱ्यावर फिशगार्डजवळ उतरली. तुकडी लहान होती आणि दोन दिवसांत शरण आली. पण धास्ती मोठी होती. लोक नोटा घेऊन सोन्यासाठी बँकांच्या दारात धावले. यालाही इंग्रजीत बारीक शब्द आहे, 'रन ऑन द बँक'. धावायचं ते बँकेकडे नव्हे, बँकेवर, जणू चालच करून जायचं. सरकारने 26 फेब्रुवारीला हुकूम काढून बँकेला सोनं देण्यापासून थांबवलं. ही बंदी पुरती उठायला 1821 साल उजाडलं. म्हणजे जवळपास चोवीस वर्षं नोटेवर 'मागताक्षणी' छापलेलं होतं आणि मागितलं तरी सोनं मिळत नव्हतं. ब्रिटनने 1931 मध्ये सुवर्णमान कायमचा सोडला. 'ऑन डिमांड' हे शब्द मात्र बँक ऑफ इंग्लंडच्या नोटेवर आजही आहेत. मागणी केली तर नोटेच्या बदल्यात दुसरी नोट मिळते, एवढंच.

आता आपल्याकडे येऊ. 1861 च्या कायद्याने हिंदुस्थानात नोटा काढण्याचा हक्क सरकारने स्वतःकडे घेतला. त्या नोटांवर आणखी एक बारीक शब्द महत्त्वाचा ठरला, तो म्हणजे 'अ‍ॅट'. देशाची चलनमंडळं पाडली होती. सुरुवातीची मंडळं कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही. नोट ज्या मंडळाची, त्याच मंडळात ती कायदेशीर चलन. कलकत्त्याची नोट मुंबईच्या व्यापाऱ्याने स्वीकारलीच पाहिजे, असं बंधन नव्हतं. वचन खरं, पण ते अमुक ठिकाणी. हे कुंपण पडायला चाळीसहून अधिक वर्षं लागली. 1903 मध्ये पाच रुपयांच्या नोटेला ब्रह्मदेश सोडून सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मोकळीक मिळाली. 1910 मध्ये दहा आणि पन्नास रुपयांच्या, तर 1911 मध्ये शंभराच्या नोटेची पाळी आली.

फिनीवर गुदरलेला प्रसंग आपल्याकडच्या लोकांनाही चुकवायचा होताच. त्यांनी साधी युक्ती केली. नोट मधोमध कापायची आणि अर्धा तुकडा टपालाने धाडायचा. तो पोचल्याचं उत्तर आलं की उरलेला अर्धा पाठवायचा. वाटेत चोरी झालीच, तरी चोराच्या हाती अर्धं वचन! 'धारकाला' या शब्दावर कात्रीने काढलेला हा तोडगा.

पण हे सगळं आपण इंग्रजांकडूनच शिकलो, असं मात्र कोणी समजू नये. आपल्या हुंडीत हे प्रश्न आधीच सोडवलेले होते, आणि तेही एका बारीक शब्दाने. तो शब्द 'जोग'. धनीजोग हुंडी म्हणजे तिच्या धन्यालाच पैसे द्यायचे. देखणारजोग म्हणजे जो आणून दाखवील त्याला. हाच इंग्रजांचा 'बेअरर'. आणि शाहजोग म्हणजे बाजारात पत असलेल्या शाहालाच, सावकारालाच पैसे द्यायचे. यात मोठी सोय होती. हुंडी चोरीची निघाली, तर पैसे कोणी नेले ते ठाऊक असे आणि त्या शाहाला जाब विचारता येई. फिनीची नोट शाहजोग असती, तर त्याचं नशीब कदाचित वेगळं असतं. वेळेचंही तसंच. दर्शनी हुंडी म्हणजे दाखवताच पैसे, मुदती हुंडी म्हणजे ठरल्या दिवसांनी. 1881 मध्ये इंग्रजांनी चेक, हुंडी, वचनचिठ्ठी यांचा कायदा केला, तेव्हा देशी भाषांतल्या अशा कागदांविषयीच्या स्थानिक रिवाजांना पहिल्याच कलमात अभय द्यावं लागलं.

शेवटचा शब्द नोटेवर नाही, पासबुकाशी निगडित आहे. आपण म्हणतो, 'बँकेत पैसे ठेवले.' डोळ्यांपुढे तिजोरी येते आणि तिच्यात आपलं पुडकं. इंग्रजीतही 'इन द बँक' म्हणतात. पण खातं आणि ठेव मात्र 'विथ' द बँक. याचा कायदेशीर अर्थ 1848 मध्ये फोली विरुद्ध हिल या खटल्यात लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितला. ठेवलेला पैसा बँकेचा होतो. तो ती हवा तसा वापरते. ठेवीदाराचं उरतं ते बँकेकडून येणं. बँक आपली राखणदार नाही, ऋणको आहे.

हा फरक बँक बुडते तेव्हा उमगतो. 1960 मध्ये लक्ष्मी बँक आणि पलाई सेंट्रल बँक बुडाल्या, तेव्हा तो ठेवीदारांच्या पदरी आला. त्यानंतर 1 जानेवारी 1962 पासून ठेवींना विम्याचं संरक्षण मिळालं. ते सुरुवातीला दर ठेवीदारामागे पंधराशे रुपयांचं होतं. फेब्रुवारी 2020 मध्ये ते एक लाखावरून पाच लाखांवर गेलं. तिजोरीतलं पुडकं असतं, तर विम्याची गरज कशाला पडली असती?

आता खिशातली शंभराची नोट काढून बघा. गव्हर्नरांचं वचन हिंदीत आणि इंग्रजीत आहे. 'धारक को' आहे, 'बेअरर' आहे. 'ऑन डिमांड' नाही, 'अ‍ॅट'ही नाही. एक रुपयाच्या नोटेवर तर वचनच नाही, कारण ती रिझर्व्ह बँकेची नसून सरकारची, वित्त सचिवांच्या सहीची. आणि वचन असलं तरी ते कायद्याच्या हुकमतीत असतं. 8 नोव्हेंबर 2016 रोजी जुन्या पाचशे-हजारांच्या नोटा रद्द झाल्या. पुढे 2017 च्या कायद्याने त्या नोटांवरचं रिझर्व्ह बँकेचं देणं संपवलं. ज्यांच्या कपाटात, फडताळात त्या राहून गेल्या, ते धारक राहिले. पण 'धारकाला' देण्याचं काही उरलं नाही.

म्हणून कर्जाचा कागद असो, ठेवीची पावती असो की जामिनाचा फॉर्म, रकमेचा आकडा आपण डोळ्यांत तेल घालून वाचतो, तसेच त्याच्या आजूबाजूचे बारीक शब्दही वाचावेत. कोणाला, कधी, कुठे, कोणाकडे. आकडा किती ते सांगतो. मिळणार की नाही, ते हे शब्द सांगतात.