परतीच्या वाटेवरची माणसे

प्रवासवर्णनाचा विचार करताना आपण बहुधा जाण्याचाच विचार करतो. निघण्याची ओढ, नवा मुलूख, अपरिचित माणसे यांवर समीक्षेने पुष्कळ लिहिले आहे. परतीचा प्रवास मात्र उपसंहारात उरकला जातो. वास्तविक परतीच्या वाटेवर आप्तस्वकीय भेटतात, आणि आपण कोण होतो व कोण झालो याचा हिशेब त्यांच्यासमोरच द्यावा लागतो. जॉन स्टाइनबेक यांच्या 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' (१९६२) या पुस्तकाकडे आम्हांला या दृष्टीने पाहावेसे वाटते.

चाकांवरचे घर घेऊन हिंडण्याची अमेरिकन परंपरा स्टाइनबेकपूर्वीची आहे. १९१९ मध्ये फ्लोरिडातील टँपा येथे 'टिन कॅन टूरिस्ट्स' ही संघटना स्थापन झाली. उत्तरेकडची थंडी टाळण्यासाठी मोटारीला तंबू बांधून, डब्यातले अन्न खात दक्षिणेला येणारी ही मंडळी. पुढे तंबूची जागा ओढगाड्यांनी व फिरत्या घरांनी घेतली, आणि हिवाळा दक्षिणेत काढून वसंतात घरी परतणे हा निवृत्तांच्या जीवनक्रमाचा भाग झाला.

स्टाइनबेक मात्र ऊब शोधायला निघाले नव्हते. सप्टेंबर १९६० मध्ये, वयाच्या ५८व्या वर्षी, न्यूयॉर्क राज्यातील सॅग हार्बरहून ते निघाले ते आपण ज्याविषयी लिहितो तो देश आपल्याला ठाऊक उरला नाही, या बोचणीने. सोबत चार्ली हा पूडल जातीचा म्हातारा कुत्रा. मालट्रकवर बसवलेल्या छोट्या घराला त्यांनी डॉन किहोतेच्या घोड्याचे नाव दिले : रोसिनांते. नावातच स्वतःविषयीचा उपहास होता.

उत्तरेकडून पश्चिम किनारा गाठून ते कॅलिफोर्नियात, आपल्या जन्मभूमीत, पोहोचतात. आमच्या मते पुस्तकाचा कणा इथे आहे. १९६०च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे ते दिवस. एका बाजूला निक्सन, दुसऱ्या बाजूला केनेडी. बहिणी रिपब्लिकन, भाऊ डेमोक्रॅट. बालपणीच्या घरात, रक्ताच्या माणसांत, राजकारणावरून शब्दाला शब्द वाढतो. माँटेरेच्या मद्यगृहात जुने सोबती भेटतात. पण आठवणीतली निम्मी माणसे हयात नाहीत, आणि हयात असलेल्यांना हा प्रसिद्ध लेखक म्हणजे कोणी भूत वाटावे अशी अवस्था. टॉमस वुल्फ यांच्या कादंबरीचे शीर्षकच ('यू कान्ट गो होम अगेन', १९४०) इथे त्यांना खरे वाटू लागते. निघण्यापूर्वी ते फ्रिमाँट शिखरावर चढतात, बालपणीचा सारा मुलूख एकदा नजरेखाली घालतात आणि पाठ फिरवतात. परतीचा प्रवास इथून सुरू होतो.

त्या वाटेवर दुसरे नातेसंबंधांचे ठिकाण येते : टेक्सास. पत्नी इलेन तिथली. थँक्सगिव्हिंगचा सण एका संपन्न कुरणावर साजरा होतो. म्हणजे लेखकाने एकापाठोपाठ माहेर आणि सासुरवाडी पाहिली, असे आपल्या भाषेत म्हणता येईल. पहिल्या ठिकाणी आपलेपण होते पण शांतता नव्हती. दुसऱ्या ठिकाणी आदरातिथ्य होते, पण तो पाहुणाच होता.

मग न्यू ऑर्लीन्स. नोव्हेंबर १९६० मध्ये विल्यम फ्रान्झ शाळेत रूबी ब्रिजेस या सहा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीला प्रवेश मिळाला होता. सरकारी संरक्षणात शाळेत जाणाऱ्या त्या चिमुरडीवर गोऱ्या स्त्रिया रोज शिव्यांचा वर्षाव करीत. ते दृश्य पाहिल्यावर स्टाइनबेक यांची पाहण्याची इच्छाच संपते. व्हर्जिनियात, घर अद्याप शेकडो मैल दूर असताना, प्रवास संपल्याचे ते नोंदवतात. शेवटी न्यूयॉर्कच्या वाहनगर्दीत हा देशभर हिंडलेला माणूस पोलिसाला सांगतो, की स्वतःच्याच गावात आपण वाट चुकलो आहोत.

आम्ही अनेक वर्षे हे पुस्तक विद्यार्थ्यांना 'पाहिले ते लिहिले' अशा प्रामाणिकतेचा नमुना म्हणून सांगत आलो. ती आमची चूक होती. २०१० मध्ये बिल स्टायगरवॉल्ड या पत्रकाराने तोच मार्ग पुन्हा चालून दाखवले, की पुस्तकातले एकटेपण बरेचसे रचलेले आहे. अनेक रात्री हॉटेलांत, अनेक दिवस पत्नीच्या सहवासात गेले होते, आणि काही संवाद घडले असणे अवघड आहे. २०१२च्या सुवर्णमहोत्सवी आवृत्तीच्या प्रस्तावनेत जे पारिनी यांनीही हे पुस्तक शब्दशः खरे मानू नये, असा इशारा दिला.

मग ते टाकून द्यावे काय? आम्हांला तसे वाटत नाही. पण 'कादंबरीकारच तो, चालायचेच' ही सबबही पुरेशी नाही. वाचकाशी सत्याचा करार करून तो मोडणे हा दोषच आहे. तथापि रचना कुठे आहे हे पाहिले, की एक गोष्ट ध्यानी येते. लेखकाने प्रवासातला पत्नीचा सहवास कमी करून दाखवला, बहिणींशी झालेले भांडण मात्र ठेवले. एकाकी प्रवाशाची प्रतिमा त्याला हवी होती. आप्तांच्या भेटीने ती प्रतिमा मोडते, आणि तरीही ती भेट त्याला वगळता आली नाही. साहित्याच्या अभ्यासकाने बोट ठेवावे ते इथे.

रोसिनांते आज सॅलिनास येथील राष्ट्रीय स्टाइनबेक केंद्रात उभी आहे. ज्या गावी मालकाला परतता आले नाही, तिथे त्याचे फिरते घर कायमचे विसावले आहे.