खोक्यातला करार

सॉफ्टवेअर खोक्यातून विकलं जायचं तेव्हा करारही खोक्यातच असे. वेष्टन फाडलं, वापर सुरू केला, की अटी मान्य!

अमेरिकेत प्रोसीडी कंपनीच्या सीडीवरची टेलिफोन डिरेक्टरी एका ग्राहकानं पैसे घेऊन इंटरनेटवर खुली केली. १९९६मध्ये अपील न्यायालयानं कंपनीची बाजू उचलून धरली: अटी पटल्या नाहीत तर माल परत करता आला असता. या निकालानं कंपन्यांना फारच मोठं बळ दिलं.

पुढे सॉफ्टवेअर खोक्याऐवजी इंटरनेटवरून उतरवलं जाऊ लागलं. नेटस्केप या ब्राउझर कंपनीचं ‘स्मार्टडाउनलोड’ फुकट होतं. लोक कोणत्या फाइल्स उतरवतात याची माहिती ते कंपनीला कळवतं, अशी तक्रार झाली. कंपनीनं कराराकडे बोट दाखवलं. पण त्याची लिंक डाउनलोडच्या बटणाच्या खाली, पान सरकवल्याशिवाय न दिसणारी! २००२मध्ये न्यायाधीश सोनिया सोटोमेयर यांनी निकाल लिहिला: जे नजरेसच पडलं नाही, त्याला नुसत्या क्लिकनं होकार मिळत नाही. हा निकाल आजही मोलाचा वाटतो.

होकार समजून दिलेला असावा, हा विचार भारतात खासगीपणाच्या वाटेनं आला. सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय त्यानं बंधनकारक केला.